रान वाढलंय, वाढू दे

आमच्या खळ्याच्या उजव्या अंगाला पूर्वी अबोलीची रांग होती. तिच्यामागे झेंडूचे वाफे, विटा तिरक्या पुरून केलेल्या कडा, गडग्यालगत पपनस आणि दोन लिंबं. श्रावणात सकाळी फुलं काढून वेणी करायची आणि मगच शाळेत शिकवायला जायचं, असा माझा क्रम होता. मग एका पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मूठ वळेना. तासभर बोटं लाकडासारखी, मग हळूहळू सैल. पुढे त्याला नाव मिळालं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला सरसकट ‘आमवात’ म्हणून मोकळे होतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि थकवा असा येतो की झोपून उठल्यावरही उतरत नाही.

पहिल्या वर्षी अबोली तणाखाली गेली. दुसऱ्या वर्षी टाकळा कमरेला लागला. तिसऱ्या वर्षी वाफ्यांच्या विटा कुठे होत्या हे मलाच सांगता येईना. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, इथे जमीन रिकामी राहत नाही. शेजारचा मुलगा दर जुलैत गडग्यावरून ओरडतो, “काकी, रान लय वाढला हा, माणूस धाडू काय?” मी दर जुलैत “नको” म्हणते. आधी ते ‘नको’ लाजेचं होतं, आता तसं नाही. या दोन ‘नको’ंच्या मधल्या काळात जे शिकले ते इथे मांडते आहे. ज्यांचं दुखणं लांबलेलं आहे आणि ज्यांच्या परसाने, गच्चीने किंवा कुंड्यांनी त्यांचं ऐकणं सोडलं आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आधी एक कबुली

‘आजारानं मला निसर्ग दाखवला’ छापाचं लिखाण मला सहन होत नाही. आजारानं माझी अबोली नेली. वेणी करायची बोटं नेली. मोडलेल्या बागेकडे बघताना पहिली दोन वर्षं फक्त तेवढंच दिसायचं: काय काय करायला हवं होतं आणि काय काय झालं नाही. दुखणाईताच्या खिडकीसमोर त्याच्याच न झालेल्या कामांची यादी हिरवीगार उभी असते, आणि ती रोज वाढते. हे दुःख खरं आहे. त्याला घाईने तत्त्वज्ञान चिकटवू नये. माझ्या बाबतीत नुसता कंटाळा आल्यामुळे फरक पडला. यादी बघायचा कंटाळा आला, म्हणून यादीत नसलेलं बघायला लागले.

माजलेल्या बागेत चाललेलं असतं तरी काय

हात काढून घेतलेल्या जमिनीचा एक ठरावीक क्रम असतो. पहिल्या पावसात येतं ते वर्षभराचं पाहुणं: गवतं, केना, कुर्डू, टाकळा, तेरडा. बी पडायचं, उगवायचं, पुन्हा बी टाकून मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. दोन-तीन वर्षांनी झुडपं शिरतात: दिंडा, भारंगी, घाणेरी, रानमोडी. त्यांच्या आडोशाला पक्ष्यांनी टाकलेल्या आणि वाऱ्याने आणलेल्या बियांतून झाडं उठतात. आमच्याकडे सागाची चार रोपटी अशी आपोआप आली, लावली कोणीच नाहीत. जंगल परत येतं ते असंच. फक्त आपण दरवर्षी कोयती घालून त्याला पहिलीच्याच वर्गात बसवून ठेवतो.

हा क्रम कळला की ‘गचपण’ या एका शब्दाचे दहा भाग पडतात. टाकळ्यावर भिरभिरणारी ती लहान पिवळी फुलपाखरं (ग्रास यलो) टाकळ्यावर अंडी घालायला आलेली असतात. पपनसाची आणि लिंबाची कोवळी पानं खाणारी, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी मी वर्षानुवर्षं चिमट्याने काढून टाकली. त्या अळ्यांतल्या काही ब्लू मॉर्मनच्या असणार. लिंबाच्या कुळातली झाडं हे त्याच्या अळीचं खाद्य. हातभर अंतरावरून निळंकाळं मखमली फुलपाखरू गेलं की आम्ही सगळे “अगो बघ बघ” करायचो, आणि त्याचीच पोरं मी मारत होते. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखरू केलं. राज्याचं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. माझा चिमटा तोवर चालूच होता.

बघून काही होतं का

होतं, पण किती ते नीट समजून घ्यावं. या विषयातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उल्रिक यांचा. तो 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, एकाच रुग्णालयातला होता, आणि शस्त्रक्रियेचं दुखणं काही दिवसांचं असतं. माझं जन्माचं आहे. त्यामुळे खिडकीतून रान बघितल्याने सांध्यांची सूज उतरते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझी उतरत नाही. ती गोळ्यांनी उतरते.

मला जास्त पटतं ते मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांचं म्हणणं. लक्ष दोन तऱ्हेचं असतं, असं ते मांडतात. एक ओढून-ताणून लावायचं: हिशेब, पेपर तपासणं, औषधांच्या वेळा. ते वापरून वापरून थकतं. दुसरं आपोआप लागणारं: ढग, पाणी, पानांची हालचाल. त्यात मन गुंततं पण अडकत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं पहिलं लक्ष विसावा घेतं. लांब आजारात अर्धी ताकद शरीराकडे लक्ष ठेवण्यातच जाते. आज गुडघा कसा आहे, गोळी घेतली का, हे दुखणं कालचंच की नवीन? खिडकीबाहेर मुनियांचा थवा गवताच्या तुऱ्यांना लोंबकळून बिया सोलत असतो, तेव्हा पाच मिनिटं हा पहारा उठतो. सूज तेवढीच असते, नजर मात्र दुसरीकडे गेलेली असते.

शिस्तीच्या बागेत हे तितकं घडत नाही, असा माझा अनुभव आहे. वाफ्याकडे बघताना डोळा तपासणी करतो. रानाकडे बघताना तपासायला काही नसतं.

ताकदीचा हिशेब

ल्युपसने आजारी असलेल्या क्रिस्टीन मिझेरँडिनो या अमेरिकी लेखिकेने 2003 मध्ये एका लेखात आपला थकवा चमच्यांनी समजावला. मैत्रीण विचारत होती, आजारी असणं म्हणजे नक्की काय. हिने हॉटेलातले चमचे गोळा करून तिच्या हातात दिले आणि सांगितलं, ही तुझी दिवसाची ताकद. आता प्रत्येक कामाला एक काढून टाकायचा. उठणं, आंघोळ, कपडे. दुपार व्हायच्या आत मुठीतले चमचे संपायला लागतात.

मी चमच्यांऐवजी तांबे धरले. माझा दिवस दहा तांब्यांचा. आंघोळीला दोन, जेवण करायला तीन, बाजारात गेले तर चार, आणि कोणी बसायला आलं तर बोलण्याचेही दोन जातात हे मला फार उशिरा कळलं. आमवातावरची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी रविवारी रात्री घेते, म्हणून सोमवारी घागरीत पाच तांबेच असतात. अशा हिशेबात बागेला उरतो एक. चांगल्या दिवशी दोन.

घात होतो तो चांगल्याच दिवशी. बरं वाटतं, ऊन पडलेलं असतं, आपण ‘थोडंसंच’ म्हणून खुरपं घेतो आणि दोन तासांनी उठतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात. त्यावर उपाय असा: काम संपेपर्यंत काम करायचं नाही, वेळ संपेपर्यंत करायचं. मी मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावते. तो वाजला की अर्धवट उपटलेलं रोप तसंच सोडून उठायचं. सोडवत नाही, हे खरं आहे.

इथे आजाराआजारात फरक आहे. आमवातात सांधे अजिबात न हलवणं वाईट, बेताची हालचाल हवीच, फक्त सूज असलेल्या सांध्यावर जोर नको. ज्यांना एमई किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम आहे त्यांचं उलटं. त्यांच्यात श्रमाचा फटका एक-दोन दिवसांनी बसतो आणि रेटून व्यायाम केला तर प्रकृती आणखी ढासळते. त्यामुळे ‘मातीत हात घाला, बरं वाटेल’ हा सरसकट सल्ला देणाऱ्याला आधी विचारावं, कोणाला?

बसायची जागा

माजलेल्या बागेत खर्च करायचाच असेल तर खुर्चीवर करा. पडवीत आमचा जुना बाक होता. बसायला छान, पण बुटका. गुडघे आणि मनगटं दुखणाऱ्याला बुटक्या बैठकीवरून उठणं म्हणजे शिक्षा. आता उंच बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली लाकडी खुर्ची आहे. तळहात टेकून नव्हे तर कोपरापर्यंतचा हात टेकून उठता येतं, मनगट वाचतं. शेजारी स्टूल, त्यावर पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण आधीच सैल केलेलं.

खाटेची दिशा बदलणं हे दुसरं काम. आमच्या खोलीत उशी खिडकीखाली होती, म्हणजे खिडकी डोक्यामागे. खाट फिरवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागली. ती फिरवायला मला चार वर्षं लागली, कारण पूर्वापार ती तशीच होती. आता पडल्या पडल्या पपनसाच्या खालच्या फांद्या आणि गडग्याची वरची ओळ दिसते. भारद्वाज त्या ओळीवरून चालत जातो, अगदी खातं तपासायला आलेल्या साहेबासारखा.

दुर्बीण घ्यायची तर लहान, हलकी. मोठी धरून मनगट भरून येतं. टिपणं ठेवायची तर जाड पेन घ्यावं किंवा साध्या पेनाला कापडाची पट्टी गुंडाळावी. बोटं अगदीच असहकार पुकारतात तेव्हा मी फोनवर बोलून नोंद करते. मराठी बोलणं फोनला बऱ्यापैकी कळतं, पण ‘टकाचोर’ हे पक्ष्याचं नाव म्हटलं की तो दर वेळी ‘टाका चोर’ लिहितो.

पायवाट आणि कडा

आता लोकांचा प्रश्न. वाढलेल्या रानाचा त्रास घरातल्यांपेक्षा बघणाऱ्यांना जास्त होतो. ‘घरात कोणी नाही का?’ इथपासून ‘बाईचं लक्ष उडालंय’ इथपर्यंत. जोन नॅसॉअर या अमेरिकी उद्यान-रचनाकार अभ्यासक बाईंनी 1995 मध्ये यावर फार शहाणपणाचं लिहिलं. रानटी दिसणाऱ्या जागेला नीटनेटकी चौकट दिली की लोक ती स्वीकारतात, असं त्यांचं म्हणणं. कडेची कापलेली पट्टी, स्वच्छ वाट, एखादं कुंपण. काळजी घेतली जाते आहे एवढी खूण पुरते.

ही युक्ती आमच्याकडे आजीच्या काळापासून आहे, फक्त तिला नाव नव्हतं. तुळशीवृंदावन आणि त्याच्याभोवतीचं सारवण. परसात काहीही असो, तेवढं चौकोनी अंगण लख्ख असलं की घर नांदतं आहे असं समजतात. म्हणून माझा एक तांब्या तिथे आणि वाटेवर खर्च होतो. दारापासून विहिरीपर्यंत चार फूट रुंदीची वाट, मशीनवाल्या मुलाकडून पावसाळ्यात तीनदा मारून घेतलेली. भिंतीपासून तीन हात मोकळी पट्टी. खळं साफ. पलीकडे जे आहे ते रान.

ही पट्टी नुसती लोकांसाठी नाही.

जनावर, ताप आणि माती

आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. “जनावर इला तर काय करशात?” हा प्रश्न रास्त आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणात फुरसं मुबलक आहे. ते लहान असतं आणि दगडाच्या फटीत, पाचोळ्यात बसतं. घोणस गवतात असते, मण्यार रात्री फिरते. मोकळी पट्टी आणि वाट यासाठीच हवी, म्हणजे पाय कुठे पडतो ते दिसेल. भिंतीला टेकून चिऱ्यांचा ढीग, लाकडं, नारळाची सोडणं ठेवायची नाहीत. अंधारात बॅटरीशिवाय बाहेर नाही, चप्पल नव्हे, बंद बूट, आणि हात न दिसणाऱ्या जागी घालायचा नाही. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करू नये. तो हात किंवा पाय शक्य तितका न हलवता 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींवर चालणारी लस तिथे मिळते.

सापापेक्षा माझ्यासारखीला जास्त जपावं लागतं ते तापापासून. आमवाताची बरीच औषधं रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. म्हणून मातीत हात घालताना रबरी हातमोजे. पायाला चीर असेल तर साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि तो आमच्या जिल्ह्याच्या चांगलाच ओळखीचा आहे. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. अनेकदा चावलेल्या जागी काळी खपली धरते. ताप आला तर दोन दिवस वाट बघत बसायचं नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायचं की मी रानाजवळ बसते. ही एक ओळ निदानाचा वेळ वाचवते. मी गवतात बसत नाही, खुर्चीत बसते, हेही त्यातलंच.

डासांसाठी गवत बदनाम आहे, पण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. करवंट्या, फुटकी बादली, कुंडीखालची ताटली आधी बघा. पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर दर दोन दिवसांनी ओतून भांडं घासा.

काय ठेवायचं, काय उपटायचं

सगळंच वाढू द्यायचं म्हणणारे लोक बहुधा समशीतोष्ण देशांतले असतात. ब्रिटनमध्ये ‘प्लांटलाइफ’ संस्थेने 2019 पासून मे महिन्यात हिरवळ न कापण्याची मोहीम चालवली आहे. तिथे महिनाभर यंत्र बंद ठेवलं की डेझी फुलतात. इथे महिनाभर डोळे मिटले तर रानमोडी छातीला लागते.

माझी उपटायची यादी तीन नावांची आहे. गाजरगवत पहिलं. 1955 च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं. त्याने त्वचेवर खाज-पुरळ उठतं, परागाने दमा वाढतो. फुलायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं. अंगाला ॲलर्जी असेल तर स्वतः हात लावूच नये. रानमोडी दुसरी, घाणेरी तिसरी. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. घाणेरी तर शोभेचं झुडूप म्हणून बागेत लावायला आणली होती, म्हणजे आज देशभरच्या जंगलांत माजलेली घाणेरी हीसुद्धा हाताबाहेर गेलेली एक बागच. ही तिन्ही रोपटी वीतभर असताना निघतात. मोठी झाली की माणूस लागतो.

बाकीच्यांना अभय. यात मी काटेकोर नाही. एकदांडीसुद्धा परदेशीच, पण तिच्या फुलांवर सकाळी दहाच्या उन्हात इतकी फुलपाखरं असतात की तिला पासपोर्ट विचारवत नाही.

कळलावीबद्दल मात्र सांगायलाच हवं. गडग्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तिचा वेल चढतो. पानाच्या टोकाची तार होते आणि ती शेजारच्या काटकीला विळखा घालते. फूल आधी हिरवट, मग पिवळं, मग टोकाकडून लाल होत जातं, आणि एकाच वेलावर हे सगळे रंग एकदम दिसतात. खाटेवरून मला यंदा सात फुलं दिसत होती. ती विषारी आहे, कंद तर फारच. त्यातलं कोल्चिसीन नेमक्या मात्रेत वातरक्तावरचं, म्हणजे गाउटवरचं औषध आहे आणि जास्त झालं तर जीव घेतं. लहान मुलं, गुरं असतील तर वेल कुंपणापलीकडे असू द्या.

“गुळवेल तर दारातच आहे की!”

माजलेल्या बागेबरोबर हा एक त्रास फुकट येतो. आलेला प्रत्येक पाहुणा तिच्यात तुमचं औषध शोधतो. आमच्या आंब्यावर गुळवेल चढली आहे. “एवढी गुळवेल दारात आणि तुम्ही गोळ्या खाता?” हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलं असेल. माझा आजार प्रतिकारशक्ती कमी पडल्याचा नाही, ती भलतीकडे वळल्याचा आहे. तिला ‘वाढवणारं’ काही घेणं म्हणजे भांडणाऱ्याच्या हातात काठी देणं. शिवाय मेथोट्रेक्सेटने यकृतावर ताण येतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. कोविडच्या काळात गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. त्या वादात मी पडत नाही. माझ्या डॉक्टरांना विचारलं, ते नको म्हणाले, विषय संपला. गुळवेलीची हृदयाच्या आकाराची पानं बघायला सुंदर आहेत आणि मी ती बघते.

टाकळ्याची कोवळी भाजी मात्र पहिल्या पावसात होते, कांदा घालून. कुर्डूचीही. ओळखणारं माणूस सोबत असेल तरच खुडावी.

गणपतीत काय झालं

चाकरमानी येण्याआधी घर-खळं साफ करायचं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. माजलेल्या परसाची खरी भीती मला जुलैत नव्हती, भाद्रपदात होती. मुंबईहून जाऊ आली, गाडीतून उतरली, परसाकडे बघितलं आणि काही बोलली नाही. न बोलणं जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी माटवी बांधायची होती. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात ती माटवी. एरवी त्यासाठी पोरं सकाळपासून डोंगरावर जातात किंवा बाजारातून जुड्या आणतात. या खेपेला जाऊ कोयती घेऊन मागल्या दारी गेली आणि अर्ध्या तासात परतली. कांगले, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा हातभर, आणि गडग्यावरची कळलावी, ती वर टांगायची म्हणून चालते. पत्रीला आघाडा, माका, दुर्वा. गौरीला तेरड्याची रोपं मुळांसकट. “बाजारात या जुडीचे केवढे घेतात माहीत आहे?” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “तुझ्या खोलीतून दिसतं का गं हे सगळं?” आणि येऊन खाटेच्या कडेला बसली.

ज्यांच्याकडे परसू नाही त्यांच्यासाठी

एलिझाबेथ टोवा बेली या अमेरिकी लेखिकेला एका आजाराने अंथरुणाला खिळवलं. मैत्रिणीने एका कुंडीत व्हायोलेटच्या रोपाबरोबर रानातली एक गोगलगाय आणून दिली. बेली बाई उशीवरून ती गोगलगाय बघत राहिल्या, आणि त्यातून झालेलं त्यांचं पुस्तक 2010 मध्ये आलं. बाग म्हणून तेवढीही पुरते. आपल्या दुर्गाबाई भागवत गोंडांच्या भागात संशोधन करताना विषबाधेने आजारी पडल्या आणि काही वर्षं त्यातून उठल्या नाहीत. त्यांचं ‘ऋतुचक्र’ मी तोवर दोनदा वाचलं होतं. हे कळल्यावर तिसऱ्यांदा काढलं.

चौथ्या मजल्यावरच्या घरात करायचं असेल तर एक रुंद तोंडाची कुंडी घ्या, कोणीतरी गावाहून आणलेली माती भरा, आणि काहीही लावू नका. फक्त पाणी. पावसाळ्यात महिन्याभरात त्यात काय काय उगवतं ते मोजा. केना येईल, आंबुशी येईल, एखादं पिंपळाचं पिल्लू येईल. ते मात्र वेळेवर काढा, नाही तर सोसायटीची नोटीस येईल.

वर्षाची एक बेणणी

वाढू द्यायचं म्हणजे कायमचं नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि पुढे वणव्याची भीती असते, म्हणून तेव्हा एकदा सगळं मारून घ्यावं. तोवर बिया पडलेल्या असतात, घरटी रिकामी झालेली असतात. कापलेलं गवत माडांच्या बुंध्यात घालायचं. वर्षभराचं आमचं मोठं बागकाम म्हणजे हेच.

यंदा बेणणीला आलेल्या माणसाला मी पडवीतून सांगितलं, सागाची रोपटी ठेव. तो म्हणाला, तीन ठेवतो, चौथं वाटेत येतं. त्या चौथ्यात जुलैभर शिंपी पक्ष्याची जोडी येत-जात होती. मी पानांमागे काय आहे ते कधी बघू शकले नव्हते, फक्त चोचीत कापसाचा तंतू घेऊन जाताना बघितलं होतं. त्याने रोप कापलं, थबकला, आणि ती दोन पानं आणून माझ्या मांडीवर ठेवली. वाळून तपकिरी झालेली, कडा एकमेकींना शिवलेल्या, आत कापसाची गादी. टाक्यांना गाठ नव्हती. तंतू भोकातून बाहेर काढून त्याचं टोक फुलवलेलं, की मागे सरकू नये. मी टाके मोजले. सतरा भरले. एखादा इकडेतिकडे असेल, त्या दिवशी बोटं सुजलेली होती आणि पान फार उलटंपालटं करता येत नव्हतं.